वेफर खरी होती: वुल्फस्पीड आणि तिचे छोटे भागधारक

२९ सप्टेंबर २०२५, सोमवार. न्यूयॉर्कच्या बाजारात वुल्फस्पीड या चिप कंपनीच्या शेअरसमोर सतराशे टक्क्यांहून जास्त वाढ झळकत होती. शुक्रवारी १.२१ डॉलरवर बंद झालेला शेअर सोमवारी २२ डॉलरच्या घरात. ज्यांच्याकडे तो नव्हता ते हळहळले. ज्यांच्याकडे होता त्यांना मात्र एक हजार जुन्या शेअरमागे आठ नवे मिळणार होते, कारण कंपनी दिवाळखोरीतून बाहेर पडत होती आणि जुने शेअर रद्द झाले होते.

नेमका आकडा होता ०.००८३५२. एका जुन्या शेअरला इतका नवा शेअर, म्हणजे साधारण एकशे वीस जुने दिले की एक नवा. शुक्रवारच्या भावाने १,२१० डॉलरचे असलेले हजार शेअर सोमवारी जेमतेम १८५ डॉलरचे झाले. पडद्यावर सतराशे टक्के नफा आणि खिशातून पंच्याऐंशी टक्के साफ. भाव दाखवणारी यंत्रणा जुन्या शेअरचा बंद भाव आणि नव्या शेअरचा भाव एकाच ओळीत मांडत होती, एवढाच त्या झेपेचा अर्थ.

या प्रकरणात कुणी फसवले का, हे मी आधी शोधले. हिशेब लपवला, माल खोटा निघाला, असे काही असते तर लिहायला सोपे गेले असते. इथे सगळी कागदपत्रे उघड्यावर होती. छोटे गुंतवणूकदार आळशीही नव्हते. सिलिकॉन कार्बाइडच्या स्फटिकाबद्दल त्यांच्यातल्या काहींना जेवढे माहीत होते, तेवढे कित्येक ब्रोकरना नसेल. तरीही हिशेब चुकला. चार वर्षे ज्या मालावर भांडण झाले त्यावर निकाल लागलाच नाही. निकाल लागला तो रोख्यांच्या अटींवर, आणि ती पाने फार थोड्यांनी उघडली होती.

आधी मालाबद्दल

कंपनीचे मूळ नाव क्री. नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅम इथे १९८७ साली सुरू झालेली. बरीच वर्षे लोक तिला एलईडीची कंपनी म्हणून ओळखत. २०१९ साली तिने दिव्यांचा धंदा विकला, २०२१ साली एलईडी चिपचाही विकला, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात नाव बदलून वुल्फस्पीड केले. आता सगळा डाव एकाच पदार्थावर होता: सिलिकॉन कार्बाइड.

पदार्थ खरोखर गुणी आहे. विजेचा दाब सिलिकॉनपेक्षा साधारण दहापट सहन करतो आणि उष्णता जवळजवळ तिपटीने वाहून नेतो. म्हणून विजेच्या मोटारीत बॅटरीची वीज मोटरला देणारा इन्व्हर्टर लहान होतो, कमी तापतो आणि त्याच बॅटरीवर गाडी थोडी जास्त पळते. टेस्लाने मॉडेल ३ मध्ये एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्सच्या सिलिकॉन कार्बाइड चिप वापरल्या, तेव्हापासून वाहन उद्योगाचे डोळे इकडे वळले.

बनवणे मात्र महाकठीण. सिलिकॉन वितळवून त्यातून मीटर-दोन मीटर लांबीचा स्फटिक ओढून काढता येतो. सिलिकॉन कार्बाइड नेहमीच्या दाबाखाली वितळतच नाही. बंद भांड्यात दोन हजार अंशांवर त्याची भुकटी तापवायची, तिची वाफ करायची आणि ती वाफ वरच्या बीजस्फटिकावर थराथराने बसू द्यायची. दिवसचे दिवस भट्टी चालते आणि हाती लागतो काही सेंटिमीटर उंचीचा गोळा. आत काय चालले आहे ते डोळ्यांनी दिसत नाही. अणूंचा थर एका जागी सरकून बसला की वरचा भाग वाया. गोळा नीट निघाला तरी तो हिऱ्याच्या खालोखाल कठीण, त्यामुळे कापताना करवत झिजते आणि मालही जातो. ही चकती, म्हणजे वेफर, जगात सर्वांत आधी व्यापारी प्रमाणात विकणाऱ्यांत ही कंपनी होती. त्या बाबतीत तिचे चाहते अजिबात बढाई मारत नव्हते.

पुढची पायरी आकाराची. धंदा १५० मिलिमीटर व्यासाच्या वेफरवर चालत होता, वुल्फस्पीडने थेट २०० वर उडी घेतली. क्षेत्रफळ पावणेदोन पटींहून थोडे जास्त, म्हणजे एका वेफरमागे चिपही तितक्याच वाढीव. त्यासाठी न्यूयॉर्क राज्यात मार्सी इथे मोहॉक व्हॅली हा नवा फॅब, म्हणजे चिप बनवायचा कारखाना, उभारला, एप्रिल २०२२ मध्ये त्याचे उद्‌घाटन झाले. वेफर वाढवायचा अवाढव्य कारखाना नॉर्थ कॅरोलायनात सायलर सिटीला सुरू केला. ऑक्टोबर २०२२ मध्ये २०२७ च्या आर्थिक वर्षासाठी चार अब्ज डॉलर उलाढालीचे लक्ष्य जाहीर झाले.

प्रत्यक्षात २०२४ च्या आर्थिक वर्षात उलाढाल झाली ८०.७ कोटी डॉलर. २०२५ मध्ये ती आणखी घसरून ७५.८ कोटींवर आली.

कारणे सर्वांना ठाऊक आहेत, म्हणून भराभर सांगतो. विजेच्या मोटारींची मागणी अंदाजाइतकी वाढली नाही. मार्च २०२३ मध्ये टेस्लाने पुढच्या गाड्यांत सिलिकॉन कार्बाइडचा वापर ७५ टक्क्यांनी कमी करणार असल्याचे सांगितले. चिनी कंपन्यांनी वेफरचा भाव पाडला. आणि मोहॉक व्हॅली २०२४ च्या मध्यावर आपल्या क्षमतेच्या वीस टक्क्यांवर चालत होता. फॅबचा घसारा, वीज, माणसे यांचा खर्च भरलेल्या आणि रिकाम्या फॅबला जवळपास सारखाच लागतो.

वाद नेमका काय होता

नोव्हेंबर २०२१ मध्ये शेअर १४० डॉलरच्या आसपास होता. तिथून तो पडत गेला तशी छोट्या भागधारकांत दोन गटांची जुंपली. मला या वादात रस आहे तो दोन्ही गट अभ्यासू होते म्हणून.

आशावादी गटाचे पहिले म्हणणे: सरकार हिला बुडू देणार नाही. त्याला आधारही होता. २०१६ साली क्रीने वुल्फस्पीड हा विभाग जर्मनीच्या इन्फिनिऑनला ८५ कोटी डॉलरला विकायचे ठरवले होते. राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणावरून अमेरिकी सरकारने हरकत घेतली आणि २०१७ च्या फेब्रुवारीत सौदा मोडला. जी वस्तू परक्याला विकू दिली नाही ती घरात मरू देतील का, असा हा युक्तिवाद. त्यावर १५ ऑक्टोबर २०२४ ला शिक्कामोर्तब झाल्यासारखे वाटले. अमेरिकेत चिप कारखाने उभारायला मदत देणाऱ्या चिप्स कायद्याखाली ७५ कोटी डॉलरपर्यंतच्या अनुदानाची घोषणा झाली, अपोलो ही गुंतवणूक कंपनी आणि इतर गुंतवणूकदारांनी आणखी ७५ कोटींची तयारी दाखवली, वर करसवलतीचे सुमारे एक अब्ज डॉलर परत येणार होते. बेरीज अडीच अब्ज. त्या दिवशी शेअर वीस टक्क्यांच्या आसपास उसळला.

पण ती घोषणा प्राथमिक सामंजस्य कराराची होती. पैसे टप्प्याटप्प्याने आणि अटी पुऱ्या झाल्यावर मिळणार होते. त्या अटींत एक अशी होती की कंपनीने आधी आपल्या परिवर्तनीय रोख्यांची, म्हणजे शेअरमध्ये बदलता येणाऱ्या कर्जरोख्यांची, सोय लावावी. थोडक्यात, सरकार म्हणत होते की आधी सावकारांशी मिटवून या, मग बोलू. मथळ्यात ७५ कोटी होते, अट खाली बारीक टायपात. माझ्या मते सगळे प्रकरण त्या एका अटीत होते.

दुसरे म्हणणे फॅबबद्दल. वीस टक्क्यांवर तोटा होतो, पन्नासवर गेला की चित्र पालटेल. हे गणित चूक नाही. फक्त त्याला वेळ लागतो, आणि वेळ किती आहे हे ठरवणारा माणूस फॅबमध्ये नसतो.

तिसरे, शॉर्टवाल्यांबद्दल. या शेअरमध्ये शॉर्ट सौदे, म्हणजे उसने घेतलेले शेअर विकून भाव पडण्यावर लावलेले डाव, प्रचंड होते. एक चांगली बातमी आली की सगळे घाबरून विकलेले शेअर परत विकत घ्यायला धावतील आणि भाव आभाळाला भिडेल, ही आशा शेवटपर्यंत टिकली.

निराशावादी गट काय म्हणत होता? चीन स्वस्तात बनवतो, टेस्ला वापर कमी करते आहे, २०० मिलिमीटरचा यील्ड, म्हणजे वेफरमागे निघणाऱ्या चांगल्या चिपचे प्रमाण, बसायला वर्षे जातील. म्हणजे तेही वेफरबद्दलच बोलत होते! त्यांचा निष्कर्ष बरोबर ठरला आणि त्यांनी स्वतःची पाठ थोपटून घेतली. पण मागणी तितकीच मंद असती आणि कंपनी कर्जमुक्त असती, तर भागधारकांनी चार-पाच वर्षे कळ सोसून काढली असती. हजाराचे आठ झाले नसते.

रांग

कर्जाची उतरंड, म्हणजे आधी पैसे कोणाला आणि मग कोणाला, अशी होती. सर्वांत पुढे अपोलो आणि सोबतच्या फंडांचे तारणी रोखे, जून २०२३ पासूनचे, ९.८७५ टक्के व्याजाचे, २०३० मध्ये फेडायचे. कंपनीची मालमत्ता त्यांच्याकडे तारण, आणि किमान अमुक इतकी रोकड शिल्लक ठेवण्याची अट. त्यांच्या मागे, तारण नसलेले परिवर्तनीय रोखे तीन टप्प्यांत: २०२६ चे ५७.५ कोटी, २०२८ चे ७५ कोटी, २०२९ चे १७५ कोटी डॉलर. शिवाय जपानच्या रेनेसासने २०२३ मध्ये दहा वर्षांच्या वेफर पुरवठ्यासाठी आगाऊ दिलेले दोन अब्ज. सगळे मिळून साडेसहा अब्जांच्या आसपास. आणि या सगळ्यांच्या मागे, रांगेच्या शेपटाला, भागधारक.

परिवर्तनीय रोखा दिसायला फार गोड असतो. २०२८ च्या रोख्यावर व्याज होते पाव टक्का. इतके स्वस्त कर्ज कोण देते? जो शेअर वाढेल म्हणून पैसे देतो तो. ठरलेल्या भावाच्या वर शेअर गेला की रोख्याचे शेअर करून घ्यायचे, रोख परत मागायचीच नाही. २०२८ आणि २०२९ च्या रोख्यांचा तो भाव शंभर डॉलरच्या बराच वर होता. शेअर शंभराच्या आसपास असताना हे कर्ज कर्जच वाटत नव्हते, कारण ते शेअरमध्ये विरघळून जाणार असे सर्वांनी गृहीत धरले होते. शेअर दहाच्या खाली आला तेव्हा तीच रक्कम मुद्दलासह रोखीने फेडायची खरी देणी होऊन समोर उभी राहिली. पहिली तारीख होती मे २०२६.

इथेच शॉर्टवाल्यांचे कोडेही सुटते. समजा एका फंडाने हजार डॉलरचा परिवर्तनीय रोखा घेतला आणि त्याच दिवशी कंपनीचे थोडे शेअर उसने घेऊन विकले. भाव चढला तर रोखा कमावतो, पडला तर शॉर्ट कमावतो. कंपनीबद्दल त्याला ना राग ना लोभ. रोख्यांचा एवढा ढीग असलेल्या कंपनीत शॉर्टचा मोठा हिस्सा असाच असतो, आणि अशा माणसाला चांगल्या बातमीने घाम फुटत नाही. छोटे भागधारक ज्या शत्रूच्या धावपळीची वाट बघत होते, त्यातला बराचसा शत्रू उद्या कंपनीचा मालक होणार होता.

मार्च ते जून

२८ मार्च २०२५ रोजी शेअर एका दिवसात निम्म्याहून खाली आला. नवे मुख्याधिकारी रॉबर्ट फोयर्ले यांची नेमणूक जाहीर झाली होती आणि त्याच सुमारास सरकारी पैसा व रोख्यांची फेरबांधणी दोन्ही अधांतरी असल्याचे स्पष्ट झाले होते. मे महिन्यात कंपनीने स्वतःच लिहून दिले की चालता धंदा म्हणून टिकण्याबद्दल मोठी शंका आहे. काही दिवसांतच दिवाळखोरीच्या तयारीच्या बातम्या आल्या आणि शेअर डॉलरच्या आसपास घसरला.

या काळात आशावाद्यांचा सर्वांत पक्का मुद्दा पुढे आला: हातात १.३ अब्ज डॉलर रोख आहेत, मग दिवाळखोरी कशाला? प्रश्न रास्त वाटतो. घरखर्चाला पैसे असताना कोणी नादारी जाहीर करत नाही. पण सावकाराच्या बाजूने पाहा. रोकड दर तिमाहीला जळते आहे. मे २०२६ पर्यंत थांबलो तर २०२६ वाले आपले ५७.५ कोटी घेऊन निघून जातील आणि २०२८-२०२९ वाल्यांना रिकामी तिजोरी मिळेल. म्हणून मागच्या सावकारांना घाई असते, आणि घाई करायची ती रोकड असतानाच. तिजोरीतले ते १.३ अब्ज दिवाळखोरी टळण्याचे कारण वाटत होते, ते ती लवकर येण्याचे कारण ठरले.

खालच्या भावाला आणखी घेऊन सरासरी खाली आणण्याचे कामही याच काळात जोरात झाले. ज्याने शंभराला शंभर शेअर घेतले होते त्याने दोनला हजार घेतले की सरासरी अकरावर येते. आता अकराच तर व्हायला हवेत! वहीत ते समाधान खरे असते. रांगेतली जागा त्याने एक पाऊलही पुढे सरकत नाही. उलट, आता अकराशे शेअर घेऊन माणूस त्याच शेपटाला उभा.

३० जून २०२५ ला टेक्सासमधल्या न्यायालयात चॅप्टर ११ चा, म्हणजे धंदा चालू ठेवून कर्जाची फेरबांधणी करण्याच्या दिवाळखोरीचा, अर्ज दाखल झाला. सावकारांशी झालेला सौदा त्याआधी आठवडाभर जाहीर होता. परिवर्तनीय रोखेधारकांना नव्या कंपनीचे ५६.३ टक्के, रेनेसासला ३८.७ टक्के, जुन्या भागधारकांना ३ ते ५ टक्के. कर्जातले सुमारे ४.६ अब्ज, म्हणजे सत्तर टक्के, कमी.

खेळ संपल्यावरचा खेळ

मला सर्वांत जास्त विचार करायला लावणारा भाग यानंतरचा आहे. निकाल छापून आला होता. तरी ७ जुलैला, नव्या वित्तप्रमुखाच्या नेमणुकीची बातमी आली त्या दिवशी, शेअर जवळजवळ दुप्पट झाला. लोक पुन्हा तुटून पडले. त्यांच्याकडे एक दाखला होता आणि तो खोटा नव्हता: हर्ट्झ. ही गाड्या भाड्याने देणारी कंपनी मे २०२० मध्ये दिवाळखोरीत गेली, शहाण्यांनी शेअर घेणाऱ्यांची टिंगल केली, आणि २०२१ मध्ये जुन्या भागधारकांना खरोखर पैसे मिळाले. मग वुल्फस्पीडचे का होऊ नये?

कारण हर्ट्झ न्यायालयात असताना जुन्या गाड्यांचे भाव भडकले, प्रवास पुन्हा सुरू झाला आणि कंपनी विकत घ्यायला खरेदीदारांत चढाओढ लागली. सगळी देणी फिटून वर उरले ते भागधारकांना गेले. वुल्फस्पीडच्या बाबतीत कोणी चढी बोली लावत नव्हते. वाटणी आधीच सह्यांनिशी ठरलेली होती.

आणि ती वाटणी एका कागदावर तपासता येत होती. जुने शेअर सुमारे १५.६ कोटी. १.२१ डॉलरने त्यांची किंमत होते जवळपास १९ कोटी डॉलर. ही जर नव्या कंपनीच्या पाच टक्क्यांची किंमत, तर शंभर टक्क्यांची किंमत झाली ३.८ अब्ज. जी कंपनी वर्षाला पाऊण अब्जाचा माल विकते, प्रचंड तोट्यात आहे आणि अजून दोन अब्जांच्या घरात कर्ज बाळगून आहे, तिचे भागभांडवल ३.८ अब्जांचे? बेरीज-वजाबाकीपलीकडे या हिशेबाला काही लागत नाही. वाटणी तीन टक्क्यांवर आली तर आकडा सहा अब्जांवर जातो. स्फटिकातले दोष मोजणाऱ्या माणसांनी हा भागाकार केला नाही, किंवा केला आणि त्यावर विश्वास ठेवला नाही. मला दुसरी शक्यता जास्त खरी वाटते. चार वर्षे एका गोष्टीचा अभ्यास केलेल्या माणसाला तिचा निकाल भलत्याच गोष्टीने लागला हे पटत नाही.

८ सप्टेंबरला न्यायालयाने योजना मंजूर केली. २९ तारखेला जुने शेअर रद्द झाले आणि नवे सुरू झाले. त्याच सोमवारी ती सतराशे टक्क्यांची ओळ झळकली.

डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीने जाहीर केले की करसवलतीच्या परताव्याचे सुमारे ७० कोटी डॉलर तिच्या खात्यात जमा झाले. ऑक्टोबर २०२४ च्या अडीच अब्जांच्या बेरजेत आशावाद्यांनी मांडलेला, सरकार देणारच म्हणून छातीठोक सांगितलेला तो परतावा. आला. त्यातला एक हिस्सा कर्ज फेडायला काढून ठेवला, उरलेला नव्या कंपनीच्या तिजोरीत गेला. हजार शेअरवाल्याचा त्या तिजोरीत आता आठ शेअरपुरता वाटा आहे.